बामणघळीपाशी धडधडलं म्हणून

बयो,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी माळ्यावर अढी चाळत होते. शेवटचे आंबे उरलेत, पाऊस तोंडावर आलाय, आणि एक आंबा नासला की शेजारच्या चारांना घेऊन जातो. तू रडत नव्हतीस, पण रडण्याच्या जरा अलीकडचा तुझा जो आवाज आहे तो मला तू पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. "ताई, माझ्यातच काहीतरी बिघडलंय," म्हणालीस. मी म्हटलं, झोप, सकाळी बोलू. सकाळी तुला ऑफिस, मला रातांबे फोडायचे, बोलणं राहिलं. म्हणून लिहायला बसले. शिवाय फोनवर तू मला मधेच तोडतेस, कागदावर ते जमणार नाही.

आधी झालं काय ते मीच सांगते, कारण तू सांगताना सोयीचं तेवढं ठेवतेस. मे महिन्यात तो मुलगा आईवडिलांना घेऊन हेदवीला दशभुज गणपतीच्या दर्शनाला आला, तिथून आपल्याकडे. पोहे झाले, कोकम सरबत झालं, मोठ्यांचं "आमचं काही म्हणणं नाही, मुलांनी ठरवावं" हेही झालं, आणि माझ्या सासूबाईंनीच सुचवलं, "पोरांना जरा बामणघळ बघून येऊंदे गो." मी कशाला लुडबुडतेय, तुम्हा दोघांनाच पाठवलं. भरतीची वेळ होती.

ती घळ मी सोळा वर्षं बघतेय, तरी दर वेळी पोटात गोळा येतो. काळ्या कातळाला उभी चीर पडलेली. लाट आत शिरते तेव्हा वर उभ्या माणसाला आधी काहीच दिसत नाही, पायाखालून नुसतं घुमतं. मग पाणी टोकाला जाऊन कोंडतं आणि फवारा थेट डोक्यावरून वर. तुम्ही कडेला होतात, फवारा आला, तू दचकून मागे झालीस, त्यानं दंड धरला. घरी आलीस ती ओढणी पिळत. रात्री ओटीवर माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "ताई, छातीत असं धडधडलं ना, मला कळलंच, हाच." आणि गेल्या शनिवारी तोच मुलगा पुण्यात एका कॅफेत, एसीत, दीड तास तुझ्यासमोर बसला, तर तू तीन वेळा घड्याळ बघितलंस.

तर ऐक. कॅनडात व्हँकूवरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे. तारांना बांधलेल्या फळ्या, खाली सत्तर मीटर दरी, पाऊल टाकलं की सगळाच डोलतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर आरन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तिथे एक गंमत केली, १९७४ साली ती छापून आली. पूल ओलांडणाऱ्या तरुण पुरुषांना पुलावरच एका मुलीनं गाठायचं, एक चित्र दाखवून त्यावर छोटी गोष्ट लिहून घ्यायची आणि "या अभ्यासाबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर" म्हणून आपला नंबर द्यायचा. हेच सगळं दुसऱ्या एका बुटक्या, भक्कम लाकडी पुलावरही केलं. भक्कम पुलावर नंबर घेतलेल्या १६ जणांपैकी दोघांनी फोन केला. झुलत्या पुलावरच्या १८ पैकी नऊ जणांनी. त्यांनी लिहिलेल्या गोष्टीही जरा जास्तच रंगेल निघाल्या.

तू म्हणशील, झुलत्या पुलावर जाणारे मुळातच धीट, फोनही तेच करणार. ही शंका त्या दोघांनाही आली होती. म्हणून पुढच्या खेपेला झुलता पूल ओलांडणाऱ्यांतल्याच काहींना पुलावर गाठलं आणि काहींना पलीकडे पोचून, दहा मिनिटं टेकून, श्वास खाली बसल्यावर. दहा मिनिटं टेकलेल्यांचे फोन पुन्हा कमीच आले.

शरीराला भीतीची धडधड वेगळ्या वहीत आणि प्रीतीची वेगळ्या वहीत असा हिशेब ठेवता येत नाही. छाती उडते, तळवे गार पडतात, आणि मग डोकं आजूबाजूला बघतं की हे कशापायी. समोर बरा दिसणारा मुलगा असला की सगळं त्याच्या खात्यावर जमा. मात्र पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं की समोरचा माणूस मुळात नकोसा असेल तर हीच धडधड त्याला आणखी नकोसा करते. म्हणजे तो मुलगा तुला अगदीच नावडला नव्हता, एवढं मान्य करायला हरकत नाही. त्यानं दंड धरला हेही खरंच. फक्त छातीतल्या धडधडीची साक्ष मी बाद धरते. ती समुद्राची होती.

मधले तीन आठवडे तू त्याच्यासाठी जी झुरत होतीस त्याचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न. अगं, तो दोन-दोन दिवस उत्तर देत नव्हता, तू निळ्या टिका बघत बसायचीस. व्हर्जिनिया विद्यापीठात ४७ मुलींना काही मुलांचे फेसबुक प्रोफाइल दाखवले, २०११ चा अभ्यास आहे. काहींना सांगितलं, या मुलांना तू खूप आवडलीस. काहींना सांगितलं, बरी वाटलीस. आणि काहींना सांगितलं, यांना तू खूप आवडलीस की नुसती बरी वाटलीस, ते नक्की नाही. सगळ्यात जास्त ओढ वाटली ती या तिसऱ्यांना. मन त्या मुलांभोवतीच फिरत राहिलं आणि मन जिथे फिरतं तिथेच ते बसतं अशी आपली समजूत होते. एखाद्याला उत्तर द्यायला खरंच वेळ नसेल, तो वाईट ठरत नाही. पण त्याच्या न बोलण्यातून तुला जे वाटलं ते त्याच्याबद्दल काही सांगत नाही, तुझ्या डोक्याबद्दल सांगतं.

डोक्याचं पण बघितलंय लोकांनी. पुलावरचाच आरन, हेलन फिशर आणि ल्युसी ब्राउन यांनी प्रेमात आकंठ बुडालेल्या १७ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून जिवलगाचा फोटो दाखवला. मेंदूच्या तळाशी, जिथून डोपामिन निघतं, जिथून भूक, हाव, बक्षिसाची आस चालते, तो भाग पेटला. इतकं पुरे, यापुढचं तुला वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत दर महिन्याला वाचायला मिळतं.

वासाचं मात्र सांगते, कारण त्याच्या परफ्यूमबद्दल तू मला दोनदा सांगितलंस. अढीतला आंबा आपण कसा निवडतो? रंगावर जायचं नाही, हिरवा दिसणाराही आतून तयार असतो. उचलून देठाशी नाक न्यायचं. सासूबाई तर डोळे मिटून सांगतात, हा आज, हा उद्या, हा परवाच्या नैवेद्याला. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात क्लाउस वेडेकिंड नावाच्या माणसानं जवळजवळ हेच केलं. ४४ मुलांनी दोन रात्री एकच टी-शर्ट घालून झोपायचं, अत्तर नको, वासाचा साबण नको, उग्र खाणं नको, सिगरेट नको. मग ते शर्ट खोक्यांत ठेवून ४९ मुलींनी भोकातून हुंगायचे. आपल्या पेशींवर रोगप्रतिकाराशी संबंधित काही खुणा असतात. ज्या मुलाच्या खुणा आपल्याहून वेगळ्या, त्याच्या शर्टाचा वास मुलींना जास्त बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींत मात्र उलटं दिसलं. पुढे असे प्रयोग पुन्हा झाले तेव्हा कधी हे उत्तर आलं, कधी नाही आलं. त्यामुळे "आपल्या ऋषींनी सगोत्र विवाह याचसाठी टाळले" असा जो फॉरवर्ड मेसेज काकांनी ग्रुपवर टाकलाय त्यावर अंगठा उमटवू नकोस. गोत्र हुंगता येत नाही. आणि परफ्यूमच आवडला असेल तर बाटलीचं नाव विचारून घे, स्वस्तात पडेल.

तुला हे सगळं मोकळेपणी लिहिताना मला आपल्या जिल्ह्याचा अभिमानही वाटतो बरं का. मुरूडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते आणि लोक ज्यावर कुजबुजतही नसत त्यावर महिन्याच्या महिन्याला छापत होते. कॉलेजातली नोकरी आधीच गेली होती, पुढे खटलेही झाले. आपण शंभर वर्षांनी अजून दार लोटून बोलतो.

आता तुझी यादी काढ. बायोडाटात 'अपेक्षा' म्हणून जो रकाना आहे तो. आयटी किंवा समकक्ष, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, उंची पाच-नऊच्या पुढे, निर्व्यसनी, विनोदी स्वभावाचा. हसू नकोस, माझीही होती. केमिस्ट्रीच्या जर्नलच्या मागच्या पानावर लिहिलेली. मुंबईत ब्लॉक, बँकेची नोकरी, एकत्र कुटुंब नको, आणि काय वाट्टेल ते झालं तरी खेड्यात नको. चिपळूणची मुलगी मी, गुहागर तालुका म्हणजे मला एसटीच्या शेवटच्या थांब्यापलीकडचा वाटायचा.

या याद्या जगभर लिहितात. डेव्हिड बस यानं ३३ देशांतल्या १०,०४७ लोकांना विचारून १९८९ मध्ये मोठा निबंध छापला, त्यात भारतही होता. बहुतेक सगळीकडे मुलींनी जोडीदाराच्या कमाईला मुलांपेक्षा जास्त वजन दिलं आणि मुलांनी रूपाला, कोवळ्या वयाला मुलींपेक्षा जास्त. सगळे हाच भाग सांगतात. पण त्याच पाहणीत स्वभावानं मायाळू, समजूतदार आणि बुद्धीनं चांगला जोडीदार हवा, हे दोघांच्याही यादीत वर होतं. ते सांगायला कोणाला मजा येत नाही. दहा वर्षांनी अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी हीच आकडेवारी पुन्हा उलगडली, तर जिथे बायकांच्या हातात सत्ता आणि पैसा जास्त तिथे हा फरक कमी दिसला. अलीकडच्या एका मोठ्या पाहणीत मात्र तो तितकासा हलला नाही. भांडण चालू आहे त्यांचं, चालू दे.

आपल्या गावाकडे बघ. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका, आणि सबंध महाराष्ट्रात ९२९. परका माणूस म्हणेल, इथल्या मुलांना मुलींचा काय तोटा! पण हा आकडा चाकरमान्यांचा आहे. पुरुष मुंबईत मोजले गेले आणि बायका इथे. आणि लग्नाच्या मुली? त्या पुण्याला, मुंबईला बघतात. दोनशे कलमं, स्वतःचा टेम्पो, चिऱ्यांचं घर असलेले पस्तिशीचे मुलगे मी आमच्या आळीत बोटांवर मोजून दाखवते. घाटावर तर डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर गेले होते. यावर पुरुष मंडळींचं ठरलेलं वाक्य, "मुली पैशाला भुलतात." मला विचारशील तर मुलीला फ्लॅट नको असतो, फ्लॅटचं स्वयंपाकघर हवं असतं, जिथे दुधाचं पातेलं उतू गेलं तर ते तिचं तिला पुसता येतं. आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जायला "कुठे निघालीस गो" ला उत्तर द्यावं लागत नाही. मुलं हे कधी विचारत नाहीत म्हणून त्यांना कळत नाही. विचारलं तर काही जणी हेदवीतही राहतील.

यादीतला जो रकाना आपण मोठ्यानं वाचतच नाही, त्याचंही बोलू. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यातल्या एका बंगाली दैनिकाच्या विवाहविषयक जाहिराती घेतल्या आणि जाहिरात देणाऱ्यांना जाऊन विचारलं, आलेल्या पत्रांतली कुठली पुढे नेलीत. जातीबाहेरचा मुलगा टाळण्यासाठी मुलीकडचे लोक किती सोडायला तयार होते माहिती आहे? जवळजवळ अशिक्षित आणि एम.ए. यांच्यातला फरक. आपल्याकडेही पहिल्यांदा 'स्वजातीय'चा रकाना भरतात आणि मग सगळीकडे सांगतात, मनं जुळली. मन जुळायच्या आधीच कोणाकोणाला दारातून परत पाठवलं ते मनाला माहीतही नसतं.

पण यादीचा खरा फजितवाडा पुढे आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी १६३ मुलामुलींकडून आधी अपेक्षा लिहून घेतल्या. अगदी आपल्यासारख्याच: मुलांना रूप, मुलींना कमाई. मग त्यांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या, एकामागून एक, आणि नंतर महिनाभर विचारत राहिले, कोण आवडलं. कागदावर रूप लिहिणारा रूपाकडे जास्त ओढला गेला का? नाही. कमाई लिहिणारी कमाईकडे? नाही. मुली आणि मुलं यांच्यातला फरकही समोरासमोर बसल्यावर विरून गेला. माणूस समोर आला की यादी खिशात राहते. तुला तुझा शनिवार आठवतोय ना? पाच-दहा उंची, फ्लॅट, विनोदी, सगळं जुळत होतं. तू यादीशी बोलत बसली होतीस दीड तास.

माझं कसं जमलं ते तुला आईनं सांगितलंय, पण आई कांदेपोह्यांपाशी थांबते. बाबांच्या शब्दाखातर मी ह्यांना बघायला तयार झाले. हेदवी, एकत्र घर, उंची जेमतेम पाच-सहा. यादीतलं काहीच नाही. मी नाही म्हणणारच होते. पण ह्यांना फवारणीची औषधं घ्यायला चिपळूणला यावंच लागायचं, आणि येताना बाबांना भेटून जायचे. पहिल्या दिवशी बोलता बोलता मी म्हटलं होतं, कॉलेजात कोकमातला आम्लांश मोजायचा प्रकल्प घेतला होता, अर्धाच राहिला, वेगवेगळ्या झाडांचे नमुनेच मिळाले नाहीत. बोलून मी विसरले. तिसऱ्यांदा आले तेव्हा हातात चार प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येकीत रातांबे, गच्च पिकलेले, एक पिशवी तळाला गळत होती. प्रत्येकीवर बॉलपेननं लिहिलेलं: विहिरीकडचा. सड्यावरचा. गडग्यालगतचा. चौथीवर लिहिलं होतं, हा नक्की कुठला ते आईला विचारून सांगतो. त्या चौथ्या पिशवीपाशी माझं काहीतरी झालं. धडधड वगैरे काही नाही. उलट एकदम शांत वाटलं, परीक्षेचा पेपर सोपा निघाल्यावर वाटतं तसं. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला ते पहिल्यांदा देखणे वाटले. नाक तेच, उंची तीच.

ह्याला पण नाव आहे. रॉचेस्टर विद्यापीठातले हॅरी रीस आयुष्यभर हेच अभ्यासतायत: समोरच्यानं आपल्याला समजून घेतलं, आपली कदर केली, आपल्याला जपलं, असं वाटणं. जवळीक त्यावर उभी राहते. आणि देखणेपणाचं म्हणशील तर ते डोळ्यात फार वेळ एकसारखं राहत नाही. एका उत्खननाच्या शिबिरात सहा आठवडे एकत्र राबलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी एकमेकांच्या रूपाला गुण द्यायला सांगितले, तर कोण आवडलं, कोण कामाला वाघ होतं, त्यानुसार गुण हललेले. ईस्टविक आणि ल्युसी हंट यांनी वर्गातल्या मुलांना विचारलं तर सत्राच्या सुरुवातीला, अमका देखणा, अमकी आकर्षक, यावर बरंचसं एकमत. काही महिने गेल्यावर ते एकमत कमी कमी होत जातं, ज्याचं त्याचं वेगळं. म्हणजे पहिल्या भेटीत तुला जो आवडतो तो बहुधा सगळ्यांनाच आवडतो. तुझा एकटीचा असा जो, तो उशिरा दिसतो. बघण्याच्या कार्यक्रमाचं माझं दुखणं तेच आहे, उशिरा दिसायला आपण वेळच ठेवत नाही. पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत होकार हवा.

पत्रिकेत ३१ गुण जुळले म्हणून आई हुरळलीय, तिच्याशी मी भांडणार नाही. नाडीचे आठ, भकुटाचे सात, गणाचे सहा, असे मिळून ३६, हे ती मला लहानपणी पाढ्यासारखं म्हणायला लावायची. पण योगायोग बघ, आपल्या त्या आरनचा आकडाही ३६ आहे. १९९७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, त्यात बायको एलेनही होती, ३६ प्रश्न छापले. दोन अनोळखी माणसांनी पाऊण तास बसून एकमेकांना आळीपाळीनं विचारायचे. आधी सोपे, मग हळूहळू खोल: आईशी तुझं कसं आहे, शेवटचा कोणासमोर रडलास, घराला आग लागली तर माणसं वाचवल्यावर कुठली एक वस्तू आणशील. तेवढ्या वेळात अनोळखी माणसं एकमेकांना जितकी जवळची वाटली तितकी नुसत्या गप्पांनी वाटली नाहीत. प्रेम जमवायचं मंत्रतंत्र नव्हे ते, आरननं तसा दावाही केला नव्हता. पण त्या मुलाच्या आईनं तुला "पोळ्या येतात ना?" विचारलं आणि त्यानं "नेटफ्लिक्सवर काय बघतेस?" विचारलं, त्यापेक्षा बरेच प्रश्न आहेत. तू त्याला काय विचारलंस गं? मला आठवत नाही तू सांगितल्याचं.

आई हेही म्हणेल की प्रेम लग्नानंतर होतं. तिच्या बाजूनं एक पुरावा आहे. जयपूरला उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी १९८२ मध्ये ५० जोडप्यांचं मोजमाप छापलं: प्रेमविवाहवाल्यांचं प्रेम सुरुवातीला जास्त आणि पुढे उतरतं, ठरवून केलेल्यांचं सुरुवातीला कमी आणि काही वर्षांत वरचढ. वक्ते लोक हे फार सांगतात. पन्नासच जोडपी आहेत, हे सांगत नाहीत. अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांचा अभ्यास २०१२ मध्ये झाला तेव्हा दोन्हींत फरक सापडला नाही. आणि नांदतंय म्हणजे प्रेम आहे असं जे आपल्याकडे धरून चालतात, त्यावर मी माहेर-सासरच्या दोन्ही आळ्यांतून तुला उदाहरणं देऊ शकते, पण पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

मला जास्त पटतो तो २०२० चा अभ्यास. कॅनडातल्या समँथा जोएल आणि कितीतरी संशोधकांनी ४३ अभ्यासांतली ११,१९६ जोडपी एकत्र करून कॉम्प्युटरला दिली. शोधायला सांगितलं, संसारात समाधान कशावरून ओळखावं. जोडीदाराचं वय, शिक्षण, स्वभावाचा प्रकार, कमाई, म्हणजे बायोडाटात जे असतं ते, फार थोडं सांगू शकलं. आपला माणूस टिकून राहणार असं वाटतं का, तो आपली कदर करतो का, शय्येचं समाधान, भांडणं किती नि कशी, यावरून पुष्कळ कळलं. आणि स्वतःचं मन मुळात कितपत थाऱ्यावर आहे, यावरून. हे शेवटचं तुझ्यासाठी अधोरेखित करते. फेब्रुवारीपासून तू नीट झोपत नाहीस, नोकरीचं टेन्शन आहे, अशात बुद्ध जरी समोर बसला तरी तू घड्याळच बघशील.

आता एक विचारू? रागवायचं नाही. परवाच्या पाऊण तासाच्या फोनवर त्या मुलाचं नाव तू चार वेळा घेतलंस. आणि ऑफिसात तुझ्यासोबत डबा खातो तो, त्याचं मी मोजलं, नऊ वेळा. "तो काय गं, नुसता मित्र आहे, त्याला मी सांगितलं तर तो म्हणाला", "तो हसला", "त्यानं भेंडी संपवली". पिट्सबर्गला १९९२ मध्ये एका वर्गात चार सारख्याच दिसणाऱ्या मुली पाठवल्या होत्या, एक कधीच नाही, एक ५ वेळा, एक १० वेळा, एक १५ वेळा. कोणाशी बोलायचं नाही, बसायचं नि निघायचं. सत्राच्या शेवटी फोटो दाखवले तर वर्गाला सगळ्यात आवडली ती १५ वेळा आलेली. त्यामुळे हीसुद्धा नुसती सवय असेल, मी काही त्याची वकील नाही. त्याच्या यादीत, जातीत, उंचीत काय आहे तेही मला माहीत नाही. फक्त नऊ वेळा.

कॅफेतल्या मुलाला लगेच नकार कळवू नकोस. आणखी दोनदा भेट, जिथे काहीतरी हातानं करायचं असेल तिथे. भाजी आणायला जा, त्याच्या गाडीचं पंक्चर काढायला जा, रांगेत उभे रहा. रांगेत माणूस फार लवकर कळतो. आईला मी सांभाळते, तिला सांगितलंय की आषाढात कोणी ठरवत नाही.

आणि दिवाळीनंतर इकडे ये. तेव्हा ओहोटीला बामणघळीत पाणी जेमतेम घोट्याएवढं चुळबुळत असतं, फवारा नाही, आवाज नाही, कडेला बसून शेंगा खाता येतात. ज्याला आणावंसं वाटेल त्याला आण, नाहीतर एकटी ये.

एसटीनं पेटी पाठवतेय, उद्या संध्याकाळी स्वारगेटला मिळेल. वरचा थर तयार आहे, खालचा चार दिवस धरेल. पेंढा टाकू नकोस. रंग बघू नकोस, देठाशी हुंग. थोडे डब्यात घेऊन जा ऑफिसला.

तुझी,
ताई